गाणं ऐकायला जातो, असं सांगून बघा!

बायकांना घराबाहेर एक रात्र काढायची असेल, तर आपल्याकडे देव लागतो. ज्योतिबाला निघालो म्हटलं, की सासूबाई स्वतः खोबऱ्याची वाटी काढून देतात. नृसिंहवाडीला किंवा अमावास्येला आदमापूरला जातो म्हटलं, की कुणी 'का' म्हणून विचारत नाही. लग्न, बारसं, बारावं यांना तर जावंच लागतं. पण मैत्रिणींनो, "आम्ही सात जणी गाणं ऐकायला मिरजेला चाललोय, उद्या दुपारी परत येऊ," असं एकदा घरात सांगून बघा. आधी शांतता पसरते आणि मग प्रश्न सुरू होतात. कुणाचं गाणं? रात्रीच का? टीव्हीवर लागत नाही का? आणि आमच्या जेवणाचं काय?

गेल्या हिवाळ्यात राधानगरीतल्या आमच्या भिशीच्या गटानं हे सांगून बघितलं. एक अंगणवाडीत, एक शाळेत, एकीचं किराणा दुकान, एकीची पिठाची गिरणी, एक शिवणकाम करणारी, एक भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आमच्या वहिनी आणि मी. भिशीबरोबर दर महिन्याला प्रत्येकीचे वीस रुपये बाजूला पडत होते. दोन वर्षांत त्याचे तीन हजार तीनशे साठ झाले. साडी वाटून घ्यायची की कुठं जायचं, यावर चर्चा झाली. साड्या सगळ्यांकडे होत्या. एक रात्र मात्र कुणाकडेच नव्हती.

आमच्या भागात मिरजेचं नाव काढलं, की पहिला प्रश्न येतो, "कोण आजारी आहे?" १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी तिथं दवाखाना काढल्यापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे "कुणी आजारी नाही, आम्ही ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसातल्या गाण्याला चाललोय," हे प्रत्येकीला दोन-दोनदा सांगावं लागलं. गिरणीवालीनं शहाणपणा केला. तिनं घरी नुसतं "दर्ग्याला जाते" म्हणून सांगितलं. सासूबाईंनी लगेच गलेफासाठी अकरा रुपये काढून दिले!

शिवणकामवालीच्या घरून मात्र आदल्या रात्री नकार आला. भांडण नाही, आवाज नाही. "बघ बाई, लोक काय म्हणतील," एवढंच. सात जणींच्या गाडीत आम्ही सहा जणी बसलो.

गाडी किराणा दुकानाच्या मालाची ईको आणि चालवणारी दुकानवालीच. तिचे मिस्टर म्हणाले होते, "मी येतो चालवायला." ती म्हणाली, "मग दुकान कोण बघणार?" विषय तिथंच संपला. शनिवारी सकाळी निघालो. उसाचे दिवस, भोगावती, हळदीच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. एकालाही मागे दिवा नाही. म्हणून येताना अंधारात निघायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. राधानगरीच्या रस्त्यावर रात्री गवाही आडवा येतो, ते वेगळंच.

कोल्हापुरात खासबागेत मिसळ खाल्ली. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. आमचं राधानगरीचं धरण ज्यांनी बांधायला घेतलं, त्याच महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून कोल्हापुरात ठेवून घेतलं होतं. शेताला पाणी हवं तसं माणसाला गाणंही हवं, हे त्या राजाला कळत होतं, असं आमची शिक्षिका म्हणाली. मला ते पटलं.

पुढं शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर करत गाडी चालली होती, तेव्हा मी सगळ्यांना मिरजेची गोष्ट सांगितली. उरुसातली संगीतसभा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ भरते. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, म्हणून त्यांचं घराणं किराणा. "म्हणजे आमचंच की!" दुकानवाली स्टिअरिंग न सोडता म्हणाली. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत प्रवास करताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून या दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल हे सवाई गंधर्वांचे.

पण मला सांगायची होती ती ताराबाईंची गोष्ट. बडोद्याच्या सरदार माने यांची ही मुलगी. खाँसाहेबांकडे गाणं शिकली, त्यांच्यासाठी घर सोडून आली, संसार केला. १९२२ च्या सुमारास पाच मुलांना घेऊन ती वेगळी झाली. मुलांना तिनं स्वतःचं माने आडनाव लावलं आणि त्यांची नावं बदलली. त्यातला अब्दुल रहमान म्हणजे सुरेशबाबू माने, चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर आणि सकीना म्हणजे सरस्वतीबाई राणे.

"पाच पोरं घेऊन? आणि खायला काय घातलं?" गिरणीवालीनं विचारलं. आम्हा बायकांना पहिला प्रश्न हाच पडतो.

गाण्यानंच घातलं. १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असं करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. बायकांच्या भूमिका बालगंधर्वांसारखे पुरुष करत होते, त्या काळात या भावंडांनी नाटक कंपनी काढली आणि बहिणी स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. घरंदाज बाईनं चारचौघांत गाऊ नये, असं मानणाऱ्या समाजाकडून हिराबाईंनी मान मिळवला. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. तोवर अंकलीचा पूल आला आणि कृष्णा दिसली.

दुपारी सतारमेकर गल्लीत गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, ही कला हातात घेतली. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांत छताला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागिरानं सांगितलं, बायकांचा सूर उंच, म्हणून त्यांचा तंबोरा आकारानं लहान असतो. त्यानं तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवला आणि मुकी तार एकदम बोलायला लागली. याला जवारी म्हणतात.

वहिनींनी तो तंबोरा मांडीवर घेतला. माहेरी त्यांनी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, हे आम्हाला पंधरा वर्षांच्या ओळखीत त्या दिवशी कळलं. त्यांनी हळूच एक सा लावला, किंमत विचारली आणि तंबोरा परत दिला.

रात्री दर्ग्यात सतरंजीवर बसलो. तिकीट नाही, पुढची-मागची रांग नाही. या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गाणारे इथं हजेरी लावायला येतात. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली बसून खाँसाहेब गात, असं सांगतात. थंडी मी म्हणत होती. आम्ही शाली डोक्यावरून घेऊन बसलो.

आम्हाला राग कळत नाहीत, हे खरं. पण किराणा घराण्याचं गाणं घाई करत नाही. एकेक सूर हातात धरून, नीट पुसून ठेवावा तसं ते जातं. एका तरुण मुलीनं भूप सुरू केला, तशा वहिनी म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्या अभंगाचाच सूर!" मग आम्हीही कान देऊन ऐकायला लागलो. अंगणवाडीवाली डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. बघते तर गालावर पाणी. मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

साडेबाराला शिवणकामवालीला फोन लावला आणि मोबाइल तसाच स्पीकरच्या दिशेनं धरला. पलीकडून शब्द नाही. वीस मिनिटांनी बारीक आवाज आला, "पांघरुणात घेऊन ऐकतेय. ठेवू नका."

पहाटेपर्यंत बसलो. वहिनींच्या मावशीकडे दोन तास पाठ टेकली आणि रविवारी दुपारी घरी. कुणाचंही घर कोसळलं नव्हतं. माझ्याकडे भात तेवढा लागला होता.

तुम्हालाही जायचं असेल, तर अनुभवाचं चार शब्दांत सांगते. महिन्याला थोडे पैसे आधीपासून वेगळे ठेवा, म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको. मुक्कामाचं घर आणि गाडी पक्की करून मगच घरात विषय काढा. रात्रीचा प्रवास टाळा. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्ध तिकीट आहे, तेही लक्षात ठेवा. उरुस चांद्र तिथीवर असतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेव्हा तारीख आधी विचारा. आणि खोटं सांगून जाऊ नका. "गाणं ऐकायला जाते" हे वाक्य घरातल्या कानांना सवयीचं व्हायला हवं. ते आपणच म्हटलं नाही, तर आपल्या मुलींनाही उद्या देवाचंच नाव पुढे करावं लागेल.

यंदाचे वीस-वीस रुपये सुरू झालेत. वहिनींनी दर गुरुवारी चार मुलींना पेटी शिकवायला घेतलंय. आणि शिवणकामवालीच्या बाबतीत आम्ही ठरवलंय, की या वेळी तिच्या सासूबाईंनाच आधी विचारायचं, "आई, तुम्ही येता का मिरजेला?" त्या हळदी-कुंकवाला भारी ओव्या म्हणतात.