अस्सलबरहुकूम

पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल सोडून बसले की अस्सल कागदांच्या बरोबरीने त्यांच्या नकलाही हाती येतात, आणि नक्कल असेल तर ती नक्कल आहे असे कागदावरच नमूद करण्याची जी शिस्त त्या कारकुनांच्या अंगवळणी पडली होती, तिच्यामुळे आज दोनअडीचशे वर्षांनंतरही अभ्यासकाला त्या नकलेवर विसंबता येते. जपानी निसर्गचित्रांच्या प्रतिकृतींविषयी लिहायला घेताना मला प्रथम या रुमालांचीच आठवण झाली. कारण गेली वीसबावीस वर्षे रत्नागिरीच्या ओल्या हवेत ही चित्रे विकत घेताना, मढवताना, एकदा बिघडवताना आणि पुढे जमेल तेवढी सांभाळताना मला जे उमगले, ते नकलेच्या या प्रामाणिकपणापाशीच येऊन ठेपते.

जपानी ठसाचित्राला एकमेव असे मूळ चित्र नसतेच, ही गोष्ट ध्यानात आल्याखेरीज त्याच्या प्रतिकृतीचे मोल करता येत नाही. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते पालथे घालून डोंगरी चेरीच्या चिवट लाकडाच्या फळीवर चिकटवले जाई, आणि कोरणारा कारागीर त्या रेषांबरहुकूम फळी कोरीत असता चित्रकाराच्या हातचा तो एकुलता एक कागद ठशाच्या निर्मितीतच खर्ची पडे. पुढे दर रंगाला निराळा ठसा. कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला कोरलेल्या दोन खाचा, ज्यांना ‘केंतो’ म्हणतात. आणि ओलसर केलेल्या कागदाच्या पाठीवर बांबूच्या पानात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने घासून शेदोनशे प्रती काढणारा तिसरा कारागीर. या सर्वांच्या मागे भांडवल घालणारा प्रकाशक उभा असे. होकुसाईची फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये, जी लोकांच्या मागणीमुळे शेवटी ४६ झाली, किंवा हिरोशिगेची तोकाइदो मार्गावरील ५३ मुक्कामांची मालिका, जी दोन्ही टोके धरून ५५ चित्रांची आहे, ती अशी चौघांच्या हातून उतरली आणि सामान्य प्रवाशाला परवडेल अशा दराने विकली गेली.

हिरोशिगेने एदो (आजचे तोक्यो) शहराच्या दृश्यांची आपली अखेरची मोठी मालिका आरंभली ते साल १८५६, म्हणजे ज्या साली आमच्या रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला तेच. आणि तिच्यातले ‘ओहाशी पुलावरची अवचित सर’ हे जगद्विख्यात चित्र १८५७ चे, ज्या साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. या योगायोगांतून काही सिद्ध होत नाही हे मी जाणतो, तथापि दूरदेशीची वस्तू आपल्या काळाच्या मापाने मोजता आली की ती जवळची वाटू लागते. त्या चित्रातील पाऊस मी भिंगाखाली कितीदा तरी पाहिला आहे. वरच्या कडेला काळाकुट्ट ढग, पलीकडचा काठ धूसर करड्या छायेत बुडालेला, पुलावरून टोप्या, छत्र्या, चटया डोक्यावर धरून धावणारी माणसे, नदीत तराफा हाकणारा एकटा नावाडी. आणि या सर्वांवरून तिरप्या उतरणाऱ्या केसाएवढ्या रेषा, ज्या दोन ठशांनी किंचित निरनिराळ्या कलांत छापल्या असल्यामुळे सर डोळ्यांदेखत हलल्याचा भास होतो. यातली प्रत्येक रेषा लाकडात खणलेली नसून, तिच्या दोहों बाजूंचे लाकूड काढून टाकून उभी ठेवलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अनाम कोरक्याच्या हाताला मनोमन नमस्कार घडतो. भाट्याच्या पुलावर आषाढात काजळी नदीच्या मुखाकडून सर चालून येते, तेव्हा अगदी अशीच प्रथम पलीकडचा किनारा पुसते, मग होड्या पुसते आणि मग आपल्यावर येते. ते पाहिलेल्या माणसाला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगांत याची नक्कल केली, तीही पावसाच्या या ओढीपायीच, असे मला वाटते.

आता खरेदीविषयी. मी घेतलेले पहिले चित्र हेच होते. विकणाऱ्याने ते ‘हाताने छापलेले’ म्हणून दिले, मीही भारावून दाम मोजले, आणि घरी आल्यावर दहापट भिंग लावून पाहतो तो ढगाच्या काळिम्यात निळ्या, तांबड्या, पिवळ्या ठिपक्यांची एकसारखी जाळी! ती यंत्रावरची ऑफसेट छपाई होती. अशा छपाईत वाईट काहीच नाही, शाळेच्या भिंतीला ती उत्तम; वाईट एवढेच की नकलेवर नक्कल असल्याचा शेरा मारलेला नव्हता. ठशाने छापलेल्या चित्रात ठिपके नसतात; रंग तंतूंमध्ये सलग मुरलेला असतो, तो कागदाच्या पाठीवर फिकटसा उमटतो, आणि कागद तिरप्या उजेडात धरला तर बारेनच्या घासणीच्या चक्राकार खुणा व रेषांच्या जागी पडलेली किंचित दाबणी दिसते. म्हणून चौकटीत बंद केलेले चित्र पाठ पाहिल्यावाचून घेऊ नये, हा माझा पहिला नियम.

हाताने छापलेल्यांतही प्रतवारी आहे. चित्रकाराच्या हयातीत निघालेली प्रत ती अस्सल. त्याच ठशांवर पुढे काढलेली ती उत्तरकालीन. आणि जुन्या प्रतीवरून नवे ठसे कोरून, तशाच तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीच्या हातकागदावर, त्याच पद्धतीने उतरवलेली ती खरी ‘तालीक’. तोक्योतील अदाची संस्था १९२८ पासून हेच काम करीत आली आहे, आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीय रसिकाने पैसे साठवून एखादे चित्र घ्यायचे तर या जातीचे घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेल्या, डागाळलेल्या, रंग उडालेल्या जुन्या प्रतीपेक्षा ताजी तालीक पाहताना चित्रकाराने ढगाचा काळिमा कोठे विरघळवला होता हे अधिक नीट कळते. कारण ती छटा ठशात कोरलेली नसतेच, छापणारा दर प्रतीला ओल्या ठशावर हाताने रंग फिरवून ती पुन्हा साधतो.

महाराष्ट्रातील वाचकाने एका चित्रकाराचे नाव विशेष ध्यानात ठेवावे: योशिदा हिरोशी (१८७६–१९५०). हा कलावंत १९३० च्या अखेरीस आपला मुलगा तोशी यास घेऊन हिंदुस्थानात आला, आणि परत गेल्यावर त्याने ताजमहाल, काशी, उदेपूर यांबरोबर आमच्या अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचीही ठसाचित्रे केली. कातळाचा तो गडद तपकिरी, खांबांमधून आत शिरणारा उजेड, हे जपानी लाकडी ठशावर उतरलेले पाहताना मला जे वाटले ते अजिंठ्याच्या प्रत्यक्ष दर्शनाहून वेगळे, तरी कमी नव्हते. योशिदा स्वतः छपाईवर देखरेख करी, आणि आपल्या नजरेखाली उतरलेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेले, असा शिक्का मारी. त्याच्या पश्चात कुटुंबीयांनी त्याच ठशांवर काढलेल्या प्रतींवर हा शिक्का नसतो. म्हणजे येथेही मोर्तब पाहूनच कागदाची जात ठरवायची! त्याची १९२६ ची ‘शिडाची जहाजे’ ही मालिका तर मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मांडवीला राहणाऱ्या प्रत्येकाला दाखवीन: ठसे तेच, जहाजे तीच, परंतु रंग पालटून सकाळ, पूर्वाह्न, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशा सहा वेळा त्याने त्यांतून काढल्या.

अजिंठ्याचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला फार दिवस छळीत आली आहे. इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिलने तेथे वर्षानुवर्षे राहून केलेल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या; जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या; आणि जपानी चित्रकार अराई काम्पो याने १९१७-१८ च्या सुमारास उतरवलेल्या नकला १९२३ च्या भूकंपानंतरच्या अग्निप्रलयात तोक्योमध्ये भस्म झाल्या. त्याच प्रलयात प्रकाशक वातानाबे यांच्याकडचे ठसेही जळाले, ज्यांत योशिदाचे आरंभीचे ठसे होते. नकलेचीही राखण करावी लागते, ती यासाठी.

आमच्याकडे आगीपेक्षा भय पाण्याचे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टात हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. कागदावर बुरशी धरायला ६५ ते ७० टक्के पुरेत. जांभ्या चिऱ्याची भिंत पावसात ओल पिते आणि महिनोन् महिने ती सोडीत नाही. माझे योशिदाचे एक चित्र मी अशाच पश्चिमेच्या भिंतीला, काचेला चिकटून, पाठीला साधा पुठ्ठा लावून मढवून घेतले होते; श्रावण सरता सरता कागद फुगला, आकाशाचा एक तुकडा काचेला चिकटला, आणि पुठ्ठ्यातील आम्लाने कडेने तपकिरी पट्टा उमटला. तसबीर मढवणाऱ्याचा दोष अर्धा, उरलेला माझाच, कारण मी विचारले नव्हते. तेव्हापासून मी चित्र व काच यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी ठेववतो, पाठीमागेही तसाच पुठ्ठा घालतो, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून बोटभर दूर टांगतो. तीही आतल्या, कोरड्या भिंतीला.

चित्र पुठ्ठ्याला चिकटवायचे ते सर्व बाजूंनी नव्हे, केवळ वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांनी, आणि त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, जी पुढेमागे पाण्याने सोडवता येते. ही खळ म्हणजे परकी वस्तू नव्हे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तोच निवळून तळाशी बसलेला पांढरा थर पाण्यात शिजवला की झाली. मात्र जुने जिल्दगार कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत, ते येथे कटाक्षाने टाळावे. तांब्याचा अंश कागदाला कालांतराने जाळतो. बाजारी चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांचे नावही काढू नये. डाग पडलाच तर तो घरी धुऊ नये, कारण हे रंग पाण्यातले आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रातील जाणत्यांना तो दाखवावा.

उजेडाचे म्हणाल तर जुन्या जपानी रंगांचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. त्यांचा तांबडा करडईच्या फुलांचा, म्हणजे आपला कुसुंबीच. पिवळ्यांत हळद होती, आणि आपल्या कोकमाच्याच कुळातील झाडाचा चीकही. एक निळा तर पहिल्या पावसाबरोबर बांधावर उगवणाऱ्या केन्याच्या जपानी भाऊबंदाच्या पाकळ्यांचा. कुसुंबी लुगडे उन्हात वाळत घालू नये हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. पुढे युरोपातून आलेला प्रशियन निळा यांहून पुष्कळ टिकाऊ ठरला, आणि म्हणून होकुसाईचा समुद्र आजही निळा आहे. नव्या तालिकांचे रंग अधिक पक्के असतात, तरी संग्रहालये अशा कागदांवर ५० लक्सच्या आतबाहेर मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ते विश्रांतीला काढतात. घरीही तोच पाठ गिरवता येतो.

जपानातही जूनजुलैत पावसाळा असतो, आणि तो सरल्यावर कपडे, ग्रंथ, चित्रे बाहेर काढून हवा देण्याची ‘मुशिबोशी’ नावाची चाल तेथे आहे. नारा येथील शोसोइन हे आठव्या शतकातील राजभांडार तर आजही शरद ऋतूतच, राजमुद्रा काढून, तपासणीसाठी उघडतात. आपल्याकडे बासनात बांधलेल्या पोथ्या पावसाळ्यानंतर उलगडून हवेशीर ठेवीत आणि बासनात वेखंडाचा तुकडा टाकीत, त्यातला विवेक हाच. मी मृगापूर्वी सर्व चित्रे चौकटीसकट उतरवून, सुती कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुरचुंड्यांसह ठेवतो. पुरचुंड्यांचा रंग पालटला की त्या तव्यावर मंद आचेने सुकवून पुन्हा आत. डांबरगोळी कागदाजवळ नको. कसर आणि वाळवी यांना रोखायला पेटी जमिनीपासून उंच ठेवणे आणि पंधरवड्याने उघडून पाहणे याहून मोठा उपाय मला सापडलेला नाही.

त्यामुळे आमच्या घरात असे होते की बाहेर पाऊस असतो तोवर हिरोशिगेचा पाऊस पेटीत असतो, आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले की तो पुन्हा माजघराच्या भिंतीवर येतो. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद लावला आहे, त्यावर दर चित्राचे नाव, ते अस्सल की उत्तरकालीन की तालीक, आणि ते भिंतीवर चढले त्या व उतरले त्या तारखा. सरीच्या चित्रापुढे पहिल्या दिवसापासून एकच शब्द आहे: ‘नक्कल’. आणि त्याच्या खाली, पुढे घेतलेल्या दुसऱ्या प्रतीच्या नोंदीत: ‘तालीक, नवे ठसे, पाठ पाहिली.’