चष्मा लावून दुर्बिणीतून अर्धवटच का दिसतं? ‘आय रिलीफ’ म्हणजे काय?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनी पाहायला मोठी रांग लागलेली असते. पुढचा माणूस ‘कडी काय मस्त दिसतायत!’ म्हणत बाजूला होतो. मागून येणाऱ्या चष्मेवाल्याला मात्र काळोखाच्या मधोमध उजेडाचा छोटासा गोल दिसतो, आणि शनी त्यात जेमतेम सापडतो.

दोष बहुतेक वेळा डोळ्यांचा नसतो आणि दुर्बीणही बिघडलेली नसते. कमी पडलेले असतात काही मिलिमीटर. याच अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात.

आय रिलीफ म्हणजे नेमकं काय?

दुर्बिणीच्या ज्या भागाला आपण डोळा लावतो, तो आयपीस किंवा नेत्रिका. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाश थोड्या अंतरावर एका लहानशा वर्तुळात एकवटतो. त्या वर्तुळाला ‘एक्झिट प्युपिल’ म्हणतात. डोळ्याची बाहुली बरोबर तिथे आली की पूर्ण दृश्य दिसतं.

आयपीसच्या शेवटच्या भिंगापासून या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. डोळा त्याहून मागे राहिला तर दृश्याच्या कडा कापल्या जातात. दाराच्या भोकाला डोळा लावला तर खोली दिसते, मागे सरकलं की तिचा तुकडाच दिसतो, तसंच हे आहे.

चष्म्यामुळे अडतं कुठे?

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमी पुढे असते. बाहुली डोळ्याच्या पृष्ठभागापासून आणखी थोडी आत असते. त्यामुळे चष्मा लावून पूर्ण दृश्य पाहायचं तर १५ ते २० मिमी आय रिलीफ लागतो.

अनेक दुर्बिणींसोबत ‘प्लॉसल’ प्रकारचे आयपीस येतात. त्यांचा आय रिलीफ फोकल लेंथच्या साधारण ७० ते ८० टक्के असतो. म्हणजे २५ मिमीच्या प्लॉसलमध्ये चष्मेवाल्यांचं भागतं, पण १० मिमीच्या प्लॉसलमध्ये ७-८ मिमीच मिळतात. फोकल लेंथ जितकी कमी, तितकं चित्र मोठं दिसतं. म्हणून ग्रह मोठा करून पाहायला गेलं की चष्मा आड येतो.

मग चष्मा काढून पाहिलं तर?

नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा खुशाल काढा. फोकसचं चाक फिरवलं की चित्र स्पष्ट होतं.

सिलिंड्रिकल नंबर, म्हणजेच अॅस्टिग्मॅटिझम, मात्र फोकसने जात नाही. तो जास्त असेल तर तारे ठिपक्यासारखे न दिसता ओढल्यासारखे दिसतात. चित्र खूप मोठं करून पाहताना एक्झिट प्युपिल लहान होतं, त्यामुळे हा त्रास कमी जाणवतो. कमी मोठं करून पाहताना तो जास्त जाणवतो.

उपाय काय?

- ‘लाँग आय रिलीफ’ आयपीस. पेंटॅक्स एक्सडब्ल्यू किंवा टेली व्ह्यू डेलोस यांसारख्या मालिकांमध्ये कमी फोकल लेंथलाही सुमारे २० मिमी आय रिलीफ मिळतो. मात्र हे आयपीस जड आणि महाग असतात.
- स्वस्त मार्ग बार्लो भिंगाचा. २५ मिमीच्या आयपीसला २ पट बार्लो जोडली की तो १२.५ मिमीइतकं मोठं दाखवतो, पण आय रिलीफ कमी होत नाही.
- आयपीसवरची रबरी कड दुमडा. ती चष्मा न लावणाऱ्यांसाठी उभी ठेवलेली असते.

जास्त आय रिलीफ म्हणजे चांगलंच का?

नाही. चष्मा नसेल तर डोळा नेमका कुठे धरायचा ते कळत नाही. तो थोडा हलला तरी दृश्यात काळ्या सावल्या येतात.

हे अंतर घरी मोजता येतं का?

येतं. दिवसा घरातून दुर्बीण खिडकीबाहेरच्या उजळ आभाळाकडे करा आणि आयपीसमागे पांढरा कागद धरा. कागद मागेपुढे केल्यावर प्रकाशाचा गोल जिथे सर्वांत लहान आणि रेखीव दिसेल, तिथपर्यंतचं अंतर मोजा. सूर्याच्या दिशेला दुर्बीण चुकूनही वळवू नका.

मोजताना आयपीसच्या वरच्या कडेपासून मोजा. जाहिरातीतला आकडा भिंगापासूनचा असतो आणि भिंग अनेकदा कडेच्या आत बसवलेलं असतं. त्यामुळे चष्म्याला प्रत्यक्षात मिळणारी जागा त्याहून कमी असू शकते.

दुर्बीण घेताना ‘किती पट मोठं दिसतं?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. घरात कुणाला चष्मा असेल तर ‘आय रिलीफ किती?’ हेही विचारून घ्या.