विहिरीत पाणी किती?

विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची? कमी पडली तर रोगजंतू जिवंत राहतात. जास्त झाली तर वासामुळे लोक ओढ्याचे पाणी आणतात. म्हणून आधी पाणी मोजायला हवे. गोल, सरळ भिंतींच्या विहिरीसाठी आठवीचे विद्यार्थी हे गणित सहज करतील.

शिक्षकांनी दोरीला दगड बांधून ती तळापर्यंत सोडावी. दोरीचा भिजलेला भाग म्हणजे पाण्याची खोली. समजा, ती ३ मीटर आणि विहिरीचा आतला व्यास ४ मीटर आहे. व्यासाचा वर्ग १६. त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागले, मग खोलीने गुणले, की ३७.६८ घनमीटर येतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. म्हणून पाणी ३७,६८० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते. म्हणजे येथे साधारण ९४ ग्रॅम.

व्यास मोजताना मात्र जपावे. दोरी कठड्याला बाहेरून गुंडाळून परीघ मोजला आणि कठडा ४० सेंटिमीटर जाड असला, तर व्यास ४.८ मीटर येतो. चूक २० टक्क्यांची. पण व्यासाचा वर्ग होत असल्याने पाणी ४४ टक्के जास्त भरते! खोली मोजण्यातली २० टक्के चूक मात्र २० टक्केच राहते. असे का, हे मुलांनाच शोधू द्या.

व्यास एकदा नीट मोजून कठड्यावर लिहून ठेवावा. पातळी बदलत असल्याने खोली मात्र दर वेळी मोजावी.