आधी चूक, मग व्याख्या

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, हा संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील असा विषय आहे की ज्याच्या व्याख्या एका रात्रीत पाठ होतात, पण ज्याचे आकलन एका सत्रातही पुरे होत नाही. संगणकाचे यंत्रभाग आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम यांच्यामध्ये उभे राहून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी करणारा प्रोग्राम, ही तिची व्याख्या चुकीची नाही. परंतु ही वाटणी नेमकी केव्हा आणि कोणत्या ओळीत होते, हे त्या व्याख्येतून समजत नाही. त्यासाठी एक संपूर्ण कार्यप्रणाली वाचावी लागते, आणि लिनक्ससारखी वापरातील प्रणाली कोट्यवधी ओळींची असल्यामुळे ती सत्रभरात वाचून होणे शक्य नसते.

या अडचणीवर सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास जो उपाय केला, तो ग्रंथाभ्यासाच्या परंपरेला जवळचा होता: युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची दहा हजारांहून कमी ओळींची मूळ संहिता एका खंडात, आणि तिच्यावरील भाष्य दुसऱ्या खंडात. १९७९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली लिहिली. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर एक्सव्ही६ ही छोटी प्रणाली तयार झाली, आणि मुंबईच्या आयआयटीसह अनेक संस्थांतील विद्यार्थी आज तिच्यावर हात बसवतात.

एक्सव्ही६ सहसा खऱ्या यंत्रावर न चालवता क्यूएमू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवली जाते. विद्यार्थ्याला आरंभीच मिळणारा एक स्वाध्याय म्हणजे नवा सिस्टीम कॉल जोडणे. सिस्टीम कॉल म्हणजे साध्या प्रोग्रामने कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, केलेली मागणी. प्रत्यक्ष काम दोनचार ओळींचे असूनही बदल मात्र चारपाच फायलींत करावा लागतो, आणि या खटाटोपाचे कारण शोधताना विषयाचे पहिले तत्त्व हाती लागते. प्रोग्रामला कर्नलमध्ये हवे तिथे शिरता येत नाही. त्याने मागणीचा क्रमांक एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये ठेवून एक विशेष सूचना द्यायची असते, त्या सूचनेसरशी प्रोसेसर अधिक अधिकाराच्या अवस्थेत जातो, आणि कर्नल तो क्रमांक तक्त्यात पाहून पुढचे ठरवतो. प्रोग्रामने दिलेला मेमरीचा पत्ताही कर्नल तपासल्याशिवाय वापरत नाही. संरक्षण या शब्दाचा अर्थ येथे प्रथमच ठोस होतो.

दुसरे तत्त्व कधीही न संपणारा लूप चालवून पाहताना उमगते. असा लूप चालू असतानाही बाकीचे प्रोग्राम थांबत नाहीत, कारण प्रणालीच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत टायमर सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रोसेसरला टोकतो आणि पुढची पाळी कोणाची हे शेड्युलर ठरवतो. ही अदलाबदल करणारे स्विच हे फंक्शन चौदा रजिस्टरांतील मूल्ये जपून ठेवते आणि दुसरी चौदा भरते, एवढेच. परंतु त्यात शिरताना चालू असलेली प्रोसेस बाहेर पडताना मागे राहिलेली असते आणि तिच्या जागी शेड्युलर चालू झालेला असतो. हाक मारणाऱ्याकडेच उत्तर परतते, ही प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षापासूनची समजूत या ठिकाणी मोडते.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका साध्या बेरजेत जातो. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधील दोन समांतर प्रवाह, एका सामायिक संख्येत प्रत्येकी एक लाख वेळा एक मिळवतात. कंपायलरची ऑप्टिमायझेशन बंद ठेवून हा प्रोग्राम चालवला, तर उत्तर दोन लाखांऐवजी त्याहून कमी येते आणि बहुधा दर खेपेला निराळे येते. विद्यार्थी आधी कंपायलरवर संशय घेतो, मग तपासासाठी मध्ये एखादी छापण्याची ओळ घालतो, आणि तिच्यामुळे वेळेचे गणित बदलून चूक कधीकधी दिसेनाशी होते, तेव्हा तो अधिकच बुचकळ्यात पडतो. उलगडा होतो तो यंत्रभाषेपर्यंत उतरल्यावर. एक मिळवण्याची ती एक ओळ तिथे वाचणे, वाढवणे आणि लिहिणे अशा तीन पायऱ्यांची असते. एका थ्रेडने ४१ वाचून ४२ लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही ४१ वाचले, तर दोघेही ४२ लिहितात आणि एक बेरीज वाया जाते. यालाच रेस कंडिशन म्हणतात, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे लॉक: तो ज्याच्या हाती असेल त्यानेच त्या संख्येला हात लावायचा. लॉक घेण्याची कृतीही मध्येच तुटली तर सारे व्यर्थ, म्हणून प्रोसेसर वाचणे आणि लिहिणे एकाच अखंड पावलात करणारी सूचना पुरवतो. पुढे दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेतले की दोन्ही थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकतात, पडद्यावर कोणताही त्रुटीसंदेश न उमटता काम ठप्प होते, आणि डेडलॉक समजावून सांगण्याची गरज उरत नाही. लॉक नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यावेत, हा नियम विद्यार्थी स्वतःच मांडू लागतो.

डेडलॉकच्या चार अटी लिहून गुण मिळवणे आणि ठप्प झालेल्या पडद्यासमोर बसून त्यांपैकी कोणती अट मोडता येईल याचा विचार करणे, या दोन वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्यांनी लॉकची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी ती चुकणारी बेरीज विद्यार्थ्यांना एकदा करू द्यावी.