मिनिटाला सात हजार दोनशे

काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपे गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांपैकी पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. त्या रामनगरात अर्ज, दाखले आणि जमिनीचे आरटीसी उतारे काढून देणाऱ्या एका दुकानातील जुनाट संगणक, जो चालू होईस्तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन परत येत असे, तो एका नव्या भागाच्या जोरावर मिनिटाच्या आत कामाला लागू लागला, हे ऐकून मला ती दुरुस्ती प्रत्यक्ष पाहण्याची उत्कंठा लागली. 'भूमी' योजनेत कर्नाटकातील हस्तलिखित पहाणीपत्रके संगणकात गेली, तेव्हापासून रानातल्या वाडीवरून एसटीने आलेल्या शेतकऱ्याचा खोळंबा हा अशा यंत्राच्या मंदपणाशी जखडलेला आहे; म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटला नाही.

ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे मी गेलो, त्या दिवशी त्याच्यापुढे एका निवृत्त गुरुजींचा संगणक होता. त्याने झाकण काढले, पावसाळी दमटपणाने चिकटलेली धूळ ब्रशने झाडली, मेमरीच्या पट्टीची काळवंडलेली सोनेरी टोके शाळकरी खोडरबराने घासली आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. तो तीव्र, गार वास क्षणभर साऱ्या दुकानात भरला. मग यंत्र चालू करून त्याने हार्ड डिस्कला कान लावला व डोळे मिटले. वैद्याने नाडी पाहावी तशी ती एकाग्रता मला आजही आठवते.

"गुरुजी, तबकडी मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेते, तरी बाकी सगळे तिचीच वाट बघत बसतात," तो म्हणाला.

सात हजार दोनशे हा आकडा ऐकून वेगाचाच भास होतो. परंतु मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे; हवी ती नोंद वाचकशिराखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार सहस्रांश सेकंद जातात, आणि शीर जागी सरकण्याचा काळ निराळाच. संगणक सुरू होताना अशा हजारो विखुरलेल्या नोंदी मागतो. तबकडीच्या जागी त्याने बसवलेल्या नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तीच नोंद एका सहस्रांश सेकंदाच्या दशांशाहूनही कमी वेळात हाती येते.

नवी डिस्क सेकंदाला पाचशे मेगाबाईट देण्यास समर्थ होती. जुन्या बोर्डाची साटा जोडणी तीनशेच्या पलीकडे घेऊ शकत नव्हती. दोहोंनी आपसांत ठरवून कमी वेग पत्करला, आणि त्यात गुरुजींचे फारसे काही बिघडले नाही, कारण खरा लाभ प्रवाहाच्या रुंदीत नसून वाट पाहणे संपण्यात होता. अडीच इंची डिस्क साडेतीन इंची कप्प्यात पट्टीने बसवणे, बायोसमध्ये एएचसीआय निवडणे, ही कामे त्याने बोलता बोलता उरकली.

मर्यादाही त्याने लपवल्या नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय या बोर्डावर नाही. पत्रलेखन आणि इंटरनेट एवढीच गरज म्हणून त्याने लिनक्स घातले. नातवासाठी गुरुजींनी ग्राफिक्स कार्डाचीही इच्छा दर्शवली, तेव्हा जुन्या वीजपुरवठ्याला तो भार झेपणार नाही असे सांगून त्याने हातची विक्री सोडली. मला त्याचा हा नकार त्याच्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. कोणता भाग बदलू नये हे ज्याला कळते, त्याच्याच हाती जुने यंत्र निर्धास्तपणे द्यावे.

बोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी मात्र त्याने न विचारता बदलली, कारण ती मेली की यंत्राची तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही म्हणून उघडत नाहीत. जुनी तबकडी अजून धड होती. ती त्याने यूएसबीच्या डबीत घालून गुरुजींना परत दिली, आणि महत्त्वाचे दफ्तर दरमहा तिच्यावर उतरवून ती पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवावी, अशी ताकीदही दिली.