न पाहता टिपलेलं

बडोद्यात कॅमेरे बनत असत. इथल्या तरुण पोरांना हे सांगितलं की ती आधी फोनवर खात्री करून घेतात. 'ॲग्फा क्लिक थ्री' नावाचा काळा, हलका, ठोकळ्यासारखा कॅमेरा न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीनं इथं बनवला, आणि कितीतरी मध्यमवर्गीय घरांत फोटोची हौस या यंत्राबरोबर शिरली. त्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं, हेच त्याचं मोठेपण. शटरचा वेग एकच. भिंगाजवळ सूर्याची नि ढगाची खूण. ऊन असेल तर इकडे, आभाळ आलं असेल तर तिकडे. पाठीला लाल रंगाची बारीक खिडकी, तिच्यात फिल्ममागच्या कागदावरचा पुढचा आकडा दिसेपर्यंत बटण फिरवत राहायचं. खिडकी लाल का, तर जुन्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. पुढे सगळे रंग दिसणारी फिल्म आली, तिला राखायला पाठीमागे जाड कागद होताच, पण खिडकी लालच राहिली.

एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. त्यामुळे पादऱ्यासारख्या गावातल्या घरात एक रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात मुक्कामाला असे. दिवाळीचे दोन, उत्तरायणाच्या पतंगांचा एक, कुणाच्या बारशाचे दोन, आणि उरलेले बडोद्याच्या फेरीचे. पादऱ्याहून बडोदं पंधरा-सोळा किलोमीटर. रावपुऱ्यात खरेदी, दांडिया बाजारात नातेवाइकांकडे जेवण, मग पोरांना घेऊन कमाटीबाग नाहीतर सुरसागर. रोल संपला की धुवायला द्यायचा. आलेल्यांतले चार अल्बमात लागायचे, एखादा मोठा करून फ्रेममध्ये जायचा. बाकीचे 'बिघडलेले'. कुणी डोळे मिटलेले, कुणी हललेलं, मध्येच एखादा सायकलवाला आलेला. त्यांच्या निगेटिव्ह पातळ कागदी पाकिटांत, पाकिटं बिस्किटांच्या डब्यात, डबा माळ्यावर.

असा डबा खाली काढून बसण्याची सवय मला अलीकडे लागली आहे. फोटोत काय आहे याच्याआधी फोटो मुळात अजून आहे, याचंच मला नवल वाटतं. म्हणून आधी थोडं त्या नवलाबद्दल.

फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिन, आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक. जिलेटिन गुराढोरांच्या हाडांचं नि कातड्याचं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांना एक कोडं पडलेलं असे: एका जिलेटिनपासून केलेली फिल्म चपळ, तर तशाच दुसऱ्यापासून केलेली मंद. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी 1925च्या सुमारास त्याचा उलगडा केला. चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकयुक्त द्रव्यांचा अगदी किंचित अंश होता, आणि तो आला होता गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून! म्हणजे आपल्या फोडणीत तडतडते तीच मोहरी. तो गंधक स्फटिकाच्या अंगावर चांदीच्या संयुगाचे बारीक ठिपके तयार करतो, आणि प्रकाशानं पुढे जे घडवायचं ते त्या ठिपक्यांवर घडतं.

काय घडतं, ते गर्नी आणि मॉट या दोघांनी 1938 मध्ये मांडलं. प्रकाशाचा कण स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो भटकत जाऊन अशा ठिपक्यात अडकतो. तिथं ऋण भार झाला, म्हणून स्फटिकातला चांदीचा एक धन आयन ओढला जातो आणि दोघं मिळून चांदीचा एक अणू होतो. एकटा अणू काही टिकत नाही, क्षणांत विस्कटतो. पण तेवढ्यात आणखी प्रकाशकण आले आणि तीन-चार अणूंचा पुंजका जमला, की तो बसला. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी अणू असतात, त्यातले चार बदलले. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघा, फोटो दिसणार नाही. तरी तो तिथं आहे.

मग डार्करूममध्ये डेव्हलपर येतो. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, तसे ते चार अणू सगळ्या स्फटिकाला लागतात आणि तो अख्खा काळ्या चांदीत बदलतो. ज्याला पुंजका नाही तो तसाच राहतो, त्याला हायपो नावाचं द्रावण धुऊन नेतं. सुमारे अब्जपट वाढ, तीही काही मिनिटांत.

चार अणू किती वर्षं वाट बघू शकतात? 1897च्या जुलैत स्वीडनचा आंद्रे दोन सोबत्यांसह हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. फुगा तिसऱ्याच दिवशी बर्फावर उतरला आणि तिघंही परतले नाहीत. 1930 मध्ये एका निर्जन बेटावर त्यांचा तळ सापडला, त्यात कॅमेरा आणि न धुतलेली फिल्म. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्‌झबर्ग यांनी ती धुतली तेव्हा सुमारे 240 पैकी 93 चित्रं उमटली: बर्फावर कलंडलेला फुगा, आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं. तेहतीस वर्षं ती चित्रं अंधारात होती. अर्थात बर्फात. पादऱ्याच्या माळ्यावर, मे महिन्याच्या चाळिशीपार उकाड्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसाळी दमटपणात हे इतकं सहज होत नाही. उष्णतेनं पुंजके विस्कटतात, ओलीनं जिलेटिनवर बुरशी धरते. बुरशीच्या दृष्टीनं फोटो म्हणजे खाद्यच की. तरीही डब्यात न धुतलेला कृष्णधवल रोल निघाला तर तो फेकू नये. धूसर का होईना, काहीतरी उमटण्याची शक्यता बरीच असते.

धुतलेल्या निगेटिव्हचं तर विचारूच नका. क्लिक थ्रीची चौकट जेमतेम छप्पन्न मिलिमीटरची. त्या काळी पैसे वाचवायला निगेटिव्हच्याच आकाराचे प्रिंट काढत, काडेपेटीहून थोडे मोठे. त्यात माणसांचे चेहरे ओळखू आले तरी धन्य. आता तीच चौकट इंचाला 2400 बिंदूंनी स्कॅन केली तर सुमारे पावणेतीन कोटी बिंदूंचं चित्र मिळतं. साधं एकपदरी भिंग कडांना ढिसाळ असतं हे खरं, पण मध्यभागी ते बरंच प्रामाणिक. आणि मग ज्या फोटोंत घरच्या मंडळींपलीकडे कुणी काही पाहिलं नव्हतं, त्यांत दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागतात. भिंतीवर सिनेमाचं पोस्टर असतं. मागे टांगा उभा असतो. तो सायकलवाला, ज्याच्यामुळे फोटो वाया गेला म्हणून कुणीतरी चिडलं होतं, त्याच्या कॅरियरला बांधलेला भाजीचा हारा दिसतो. पादरा तालुका भाजीपाल्याचा, हे तो न विचारता सांगतो.

फोटो काढणाऱ्यानं यातलं काही पाहिलेलं नसतं. त्याचं लक्ष बहिणीच्या पदराकडे. डोळा निवडतो, फिल्म निवडत नाही. तिच्या लेखी आत्याचं नाक आणि मागच्या भिंतीतली वीट दोन्ही सारखीच, दोहोंवरून प्रकाश येतो, बस्स. कशाला महत्त्व आहे हे ठरवायचं काम पुढची वर्षं करतात, आणि ती आपल्याला विचारून ठरवत नाहीत. माझ्या मते हौशी फोटोंची सगळी गंमत इथं आहे. चांगल्या छायाचित्रकाराच्या चौकटीत नको ते काही नसतं. हौशी माणसाच्या चौकटीत नको तेच जास्त असतं.

सुरसागर तलावाचा फोटो घ्या. तलावाच्या मधोमध आज महादेवाची प्रचंड उभी मूर्ती आहे, साधारण 2002 मध्ये पुरी झालेली. काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाणारी मंडळी आणि मागे नुसतं मोकळं पाणी असेल तर फोटो त्याआधीचा, मग पाठीवर काहीही लिहिलेलं असो. नंतरच्या कॅमेऱ्यांनी कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी आकड्यांच्या तारखेवरही विसंबू नये. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ नव्यानं लावायचा कंटाळा कुणी केला नसेल?

त्यापेक्षा सावली विचारावी. पादरा साधारण सव्वाबावीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. इथं ऐन माध्यान्ह घड्याळात साडेबारा उलटून गेल्यावर होते, कारण आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर. जूनमध्ये त्या वेळी सूर्य थेट डोक्यावर, सावली पायाखाली गडप. डिसेंबरअखेर मात्र सूर्य माध्यान्हीसुद्धा चव्वेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्याच उंचीइतकी पडते. फोटोत दुपारचं ऊन आहे असं वाटतंय, पण सावली बुटकी आहे? मग ती नाताळच्या सुट्टीतली सहल नव्हे, घरचे काहीही म्हणोत.

अलीकडे पादऱ्याच्या आसपासचे काही फोटो मात्र अचानक वेगळ्या अर्थानं बघावे लागले. तालुक्याच्या उत्तरेला मही नदी, आणि मुजपूरजवळून पलीकडे आणंद जिल्ह्यात जाणारा गंभीरा पूल. 1985 मध्ये सुरू झालेला. नदीवर सहलीला गेलेल्या कितीतरी कुटुंबांच्या फोटोंत तो मागे उभा असणार. पूल काय बघायचा, म्हणून कुणी पाहिला नसेल. 9 जुलै 2025च्या सकाळी त्याचा एक गाळा कोसळला, वाहनं नदीत पडली, किमान वीस माणसं गेली. तुटलेल्या टोकाशी अडकलेला टँकर सगळ्या देशानं पाहिला. महीकाठच्या जुन्या फोटोंत आता नजर पहिल्यांदा माणसांच्या खांद्यावरून मागे जाते आणि खांबांवर थांबते.

अशा फोटोंचा उपयोग नुसत्या हळहळीपुरता नसतो. 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या गेल्यानंतर झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठात आर्मिन ग्र्यून यांच्या गटानं मोठ्या मूर्तीची त्रिमिती प्रतिकृती संगणकात उभी केली. 1970 मध्ये एका ऑस्ट्रियन प्राध्यापकानं मोजणीसाठी काढलेली छायाचित्रं त्यांच्या हाती होती, आणि त्याखेरीज त्यांनी पर्यटकांनी काढलेले साधे फोटोही वापरून पाहिले. तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचंच. एकच कोपरा दोन वेगळ्या जागांहून टिपलेला असला की दोन्ही भिंगांतून मागे रेषा ओढायच्या. त्या जिथं छेदतात तिथं तो कोपरा. असे हजारो बिंदू जुळले की दगड पुन्हा उभा राहतो. 'हा तर त्याच जागेचा दुसरा फोटो, कशाला ठेवायचा' असं म्हणून आपण जो टाकतो, नेमका तो दुसरा फोटो इथं लागतो.

बडोद्याच्या एका रहिवासी बाईंचं नाव इथं घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म 1913 चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. दिल्लीत त्यांनी नेहरूंपासून तरुण दलाई लामांपर्यंत सगळे टिपले, 1970 मध्ये कॅमेरा ठेवून दिला, आणि पुढची कित्येक वर्षं बडोद्यात झाडं लावत, घरातल्या वस्तू स्वतः दुरुस्त करत शांतपणे काढली. 2012 मध्ये त्या इथंच गेल्या. ते राजकीय फोटो थोरच. पण मला जास्त ओढतात ते त्यांनी तिशीच्या दशकात काढलेले जे. जे.तल्या मैत्रिणींचे फोटो, विशेषतः रेहाना मोगल या वर्गमैत्रिणीचे. मुंबईतल्या तरुण मुली त्या काळी कशा बसत, कशा हसत, हे आपल्याला ते फोटो सांगतात, आणि त्यांच्याकडे लोकांचं खरं लक्ष गेलं ते अनेक दशकांनंतर. होमाईंचं पहिलं छापून आलेलं कामही एका सहलीचंच होतं. 'बॉम्बे क्रॉनिकल'नं फोटोमागे एक रुपया दिला होता.

आता रंगांबद्दल थोडं, कारण डबा उघडल्यावर सगळ्यांत जास्त चुटपुट तिथं लागते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट लालसर झालेले असतात. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही, धुताना ती काढून टाकतात. उरतात तीन रंगद्रव्यांचे थर: पिवळा, किरमिजी, निळसर. अंधारात पडून राहिलं तर त्या काळच्या कागदांतला निळसर आधी विटतो, म्हणून अल्बममधली मावशी लालबुंद. भिंतीवर उजेडात टांगलेल्या फोटोत बहुधा किरमिजी आधी जातो, म्हणून तीच मावशी तिथं हिरवट-निळी. दोन्ही प्रिंट सापडले तर एकाकडे जे उरलंय ते दुसऱ्याकडे गेलेलं असतं, आणि संगणकावर दोन्हींवरून मूळ रंगाचा बराच अंदाज बांधता येतो. कृष्णधवल फोटोत मात्र चांदी जागेवर असते. म्हणूनच आजोबा नातवापेक्षा स्पष्ट दिसतात.

डबा पुन्हा माळ्यावर ठेवू नका, एवढं मात्र सांगतो. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डबा उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा आधार असलेलं ॲसिटेट सडू लागलंय. त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या निगेटिव्हनाही लागतं, तेव्हा त्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन कराव्यात. स्कॅनर नसेल तर एका फोनवर कोरा पांढरा पडदा लावून त्यावर थोडं अंतर सोडून निगेटिव्ह धरावी, दुसऱ्या फोननं टिपावी, आणि रंग उलटे करावेत. अंतर सोडलं नाही तर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून प्रिंटमागे नावं, गाव, साल जे निघेल ते लिहून घ्यावं. मऊ शिशाच्या पेन्सिलनं, अलगद हातानं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.