कानाला सापडलेले शब्द

गाणे कानावर पडते तेव्हा त्यातले शब्द सुटे सुटे येत नाहीत. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, आवाजात ती नसते. येतो तो सलग नाद, आणि तो कुठे तोडायचा हे ऐकणाऱ्याचा मेंदू ठरवतो. ठरवताना तो आपल्याजवळच्या शब्दांचा आधार घेतो. शब्द अनोळखी असला की त्याच्या जवळपासचा एखादा ओळखीचा शब्द त्या जागी येऊन बसतो. गाण्यांतले भलतेच ऐकू येणारे शब्द बहुतेक असे जन्माला येतात.

बोलण्यापेक्षा गाण्यात हे जास्त घडते. गाताना स्वर लांबतात, व्यंजने आखडतात, तालासाठी एखादा शब्द मध्येच तुटतो आणि त्याचे शेपूट पुढच्या शब्दाला चिकटते. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातल्या नाझिया हसनच्या गाजलेल्या गाण्यात कितीतरी जणांना ‘बात’ऐवजी ‘बाप’ ऐकू आले. कारण उच्चारातच आहे. पुढचा शब्द ‘ब’ने सुरू होतो, त्याच्यासाठी ओठ आधीच मिटू लागतात आणि ‘त’ पुरता फुटत नाही. अपुरे ऐकू आलेले मेंदू स्वतःच पुरे करतो, हे प्रयोगानेही दिसले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक उच्चार कापून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला, खोकला नेमका कुठे आला हेही सांगता येईना.

इंग्रजीत अशा चुकीला ‘मॉन्डेग्रीन’ म्हणतात. हे नाव सिल्विया राइट या लेखिकेने १९५४ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातल्या लेखात दिले. लहानपणी तिची आई तिला एक जुने स्कॉटिश कथागीत वाचून दाखवत असे. त्यात एका सरदाराला ठार करून हिरवळीवर टाकून देतात. छोट्या सिल्वियाला हिरवळीवर टाकण्याचे ते शब्द एका बाईच्या नावासारखे ऐकू आले, लेडी मॉन्डेग्रीन. सरदाराबरोबर तीही मारली गेली, अशी तिची समजूत झाली. खरे शब्द कळल्यावरही तिला आपलीच कथा अधिक आवडत राहिली. त्या कथेत सरदार एकटा मरत नव्हता.

मराठीत या प्रकाराचे सर्वांत मोठे भांडार आरत्यांमध्ये आहे. आरती मूल वाचायला शिकण्याआधी शिकते, तीही टाळ, झांजा आणि टाळ्यांच्या गजरात, जो सर्वांत मोठ्याने म्हणतो त्याच्या मागून. शब्द जुने, पुष्कळसे संस्कृत वळणाचे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचलेली गणपतीची आरती घराघरांत पाठ आहे, आणि तिच्यातले चुकीचे शब्दही तितकेच पाठ आहेत.

‘फणिवर’ हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. फणी म्हणजे नाग, वर म्हणजे श्रेष्ठ. नागराजाला ज्याने कमरेला बांधले आहे असा गणपती, असे ते चित्र. अनेक मूर्तींत पोटाभोवती तो नाग दिसतोही. पण मराठी कानाला ‘वर’ ऐकू आला की आधी ‘टेबलावर’, ‘घरावर’ यांतला प्रत्यय आठवतो. प्रत्यय म्हटल्यावर त्याच्याआधी एखादी वस्तू हवी. मग ‘फणी’ची ‘फळी’ होते आणि शेजारच्या ‘बंधना’ची ‘वंदना’. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. कानाने मराठीचे व्याकरण अचूक वापरले आहे, फक्त शब्द संस्कृतचा होता.

‘उटी’चे तसेच. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप. शेंदराचा लेप चढलेल्या गणेशमूर्ती अष्टविनायकांत आजही पाहायला मिळतात. उटी रोजच्या वापरातून गेली, ओटी राहिली. म्हणून गणपतीची ‘ओटी’ म्हटली जाते. ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होते, कारण संकष्टी चतुर्थीचे नाव गणपतीशी जोडलेले आहेच. ऐकणाऱ्याची निवड समंजस आहे, तरी अर्थ आक्रसतो. मूळ मागणी कोणत्याही संकटात धावून येण्याची आहे, तिची महिन्यातली एक तिथी होऊन बसते.

सर्वांत गाजलेला बदल ‘सदना’चा. सदन म्हणजे घर. रामाचा दास घरी गणपतीची वाट पाहतो आहे, असा मूळ भाव आहे. लोक ‘सजणा’ म्हणतात. तो शब्द लावण्यांनी आणि चित्रपटगीतांनी कानात मुरवलेला. अर्थ मात्र मोडत नाही. देवाला सजण म्हणून आळवणारी भक्ती आपल्याकडे परकी नाही, त्यामुळे चूक पिढ्यान्‌पिढ्या खपून गेली. तरीही मूळ शब्दच सरस आहे. गणपती पाहुणा म्हणून घरी यायचा असतो आणि त्या घरात कुणीतरी वाट पाहत असते, हे ‘सदना’इतके थोडक्यात दुसरा शब्द सांगत नाही.

शब्द अस्पष्ट असले की ऐकणाऱ्याच्या मनात जे असते ते वर येते, मग ते भय का असेना. रिचर्ड बेरीच्या ‘लुई लुई’ या गाण्यात जमैकाचा एक खलाशी दूरच्या प्रेयसीची आठवण सांगतो. ‘किंग्समेन’ या वाद्यवृंदाने १९६३ मध्ये पोर्टलंड शहरात ते इतक्या अस्पष्ट उच्चारांत मुद्रित केले, की अमेरिकेतल्या तरुण मुलांमध्ये त्यात अश्लील शब्द असल्याची आवई उठली. एका पालकाने थेट अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिले. ‘एफबीआय’ने तबकडी वेगवेगळ्या गतींनी वाजवून तपासली आणि अखेर शब्द समजण्यापलीकडचे आहेत, असा निष्कर्ष काढला.

कधी शब्द स्पष्ट असतात, तरी अर्थ ऐकणारा आपला लावतो. ‘द पोलिस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे १९८३ मधले ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे हेवा आणि पाळत यांविषयीचे गाणे आहे, असे ते लिहिणाऱ्या स्टिंगनेच सांगितले आहे. चाल गोड असल्याने ते लग्नांमध्ये प्रेमगीत म्हणून वाजते.

ऐकून शिकण्याच्या परंपरेला शब्द बदलत जाण्याच्या धोक्याची जाणीव जुनी आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठांतरात अपपाठ शिरले, असे त्यांनी नोंदवून ठेवले आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असेही बजावले. ज्ञानेश्वरीवर लोकांचे प्रेम होते म्हणूनच ती पाठ होत होती आणि बदलत होती. एकनाथांनी लोकांना दोष दिला नाही, पाठ दुरुस्त केला.

आरत्यांना तेवढे कष्ट लागत नाहीत. छापील आरतीसंग्रह बहुतेक घरांत असतो. यंदा गणपती बसण्याआधी तो मुलांसमोर उघडावा, फणिवर कोण आणि सदन कोणाचे हे त्यांना सांगावे, आणि मग त्यांच्या हाती टाळ द्यावेत.